पाणी काढलंस का?

मे महिन्याच्या शेवटी मी दोन दिवस सुट्टी टाकतो. टीमला वाटतं, गोव्याला चाललो असेन. मी असतो पनवेलच्या खाडीवर, बाबांच्या होडीच्या पोटात, इंजिनाशेजारी उकिडवा बसलेला.

१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारायच्या. आणि त्याआधी इंजिन नीट झोपवायचं.

दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली आणि हे काम माझ्याकडे आलं. इंजिनिअर मुलगा म्हणून मी आधी मॅन्युअल उघडलं. त्यात हिवाळ्यासाठी इंजिन बंद ठेवण्याचं प्रकरण होतं. थंड देशांत आतलं पाणी गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि बिडाचा ब्लॉक तडकतो. म्हणून पाणी काढायचं. मी हसलो. पनवेलला कुठला बर्फ? ऑइल बदललं, ताडपत्री बांधली, लॅपटॉप उघडला.

नारळी पौर्णिमेनंतर खाडीच्या तोंडाशीच इंजिन तापलं. बाबाही होडीत होते. चुलतभावानं दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. सगळा कोळीवाडा बघत होता.

इंजिन थंड ठेवायला पंप खाडीचं खारं पाणी आत ओढतो. तेच पाणी दोन महिने आत साचून राहिलं होतं. नळ्यांत मीठ आणि गंज. पंपातल्या रबरी चक्राची पाती वाकल्या जागीच कडक झाली होती, ती सुरू करताच तुटली आणि तुकडे पुढे जाऊन अडकले.

"पानी काडलंस ना रं?" बाबांनी विचारलं. मी मान हलवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "इंजिन चालून मरत नाय. उभं ऱ्हाऊन मरतं."

जुन्या कोडमधली एखादी ओळ कशासाठी आहे ते कळत नाही, म्हणून ती उडवायची नसते, हे मी ज्युनिअर मुलांना शिकवतो. इथे मी तेच केलं होतं. मॅन्युअलमधलं कारण आमचं नव्हतं, पण काम आमचंच होतं.

आता क्रम पाठ आहे. गोड्या पाण्याच्या पिंपात नळी सोडून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. गरम असतानाच जुनं ऑइल काढायचं, म्हणजे गाळही निघतो. मग ड्रेन कॉक उघडायचा. पाणी आलं नाही तर रिकामं आहे असं समजायचं नाही, तार घालून बघायचं, तोंडाशी कचरा असतो. रबरी चक्र काढून घरी न्यायचं. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरायची, नाहीतर दमट हवेचं आत पाणी होतं. धुराच्या नळीत बोळा. बॅटरीची वायर सोडवायची.

मग जून-जुलैत दर रविवारी इंजिन सुरू न करता हातानं थोडं फिरवायचं. ते काम बाबांनी स्वतःकडे ठेवलंय. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय. एरवी ते ऐकत नाहीत. रविवारी मात्र छत्री घेऊन खाडीपर्यंत चालत जातात.

मी पुण्याहून फोन करतो. "फिरवलंत?"

"फिरवला. तू जेवलास?"