बॉनेटखालचा घाट

बेळगावाहून गोव्यात उतरायला वाटा तीन-चार आहेत. कोणी लोंढा-रामनगरवरून अनमोडने जातो, कोणी आंबोलीचा वळसा घेऊन सावंतवाडीला उतरतो. पण जुन्या जीपगाडीवर जीव असलेला माणूस चोर्ल्याचीच वाट धरतो. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडला की किणये, पुढे कुसमळीला मलप्रभेवरचा पूल, मग जांबोटी आणि कणकुंबी. याच कणकुंबीत माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. तिथून थोडे पुढे गेले की सह्याद्रीचा काठ येतो आणि रस्ता वळणे घेत गोव्यातल्या केरीला उतरतो.

बेळगावकराला या वाटेवर जाताना घाट जाणवत नाही. आपण मुळातच साडेसातशे मीटर उंचीवर राहतो, त्यामुळे जाताना नुसता उतार. घाटाची खरी ओळख होते ती परत येताना. केरी सोडली की सुमारे आठशे मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत गाडीला दम धरावा लागतो. जुनी डिझेल जीप असेल, मागे माणसे आणि सामान असेल, तर तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावे लागते आणि मागे काळ्या धुराची शेपटी दिसू लागते. मागच्या मोटारवाल्याचा हॉर्न वाजतो तो वेगळाच.

या धुराचे कारण मला उद्यमबागेत समजले. बेळगावची उद्यमबाग म्हणजे फाउंड्री, लेथ आणि पत्राकामाची पेठ. तिथे एका शेडमध्ये जुनी महिंद्रा एमएम ५४० बॉनेट उघडून उभी होती. मिस्त्री हुबळीकडचे, पण मराठी आपल्यासारखेच बोलणारे. मला म्हणाले, "सर, इंजिन चांगलं आहे ओ. पण हे श्वास कुठून घेतंय बघा की." आणि मग मालकाकडे वळून कन्नडमध्ये, "गाडीगि बिसी गाळी कुडसब्याड्री!" गाडीला गरम हवा पाजू नका. आजारी माणसाच्या घरच्यांना वैद्याने पथ्य सांगावे तसा सूर.

त्या गाडीत पुजोचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन असते. घाटात अडीच हजार फेऱ्यांवर ते चालले, तर मिनिटाला दोन हजार लिटरहून अधिक हवा ओढते. आपल्या घरावरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या मिनिटात रिकाम्या व्हाव्यात, इतकी. एवढी हवा येते कुठून? कित्येक जुन्या गाड्यांत ती बॉनेटच्या आतूनच घेतली जाते. आत तर पुढून रेडिएटर तापलेली हवा फेकत असतो आणि बाजूला एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड धगधगत असतो. सपाट रस्त्यावर वेगात असताना ही उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. चढावर किंवा मातीच्या वाटेवर गाडी रांगत असते, तेव्हा ती आतच कोंडते. म्हणजे जोर हवा असतो नेमक्या त्याच वेळी इंजिनाच्या वाट्याला सर्वांत गरम हवा येते.

गरम हवा विरळ असते. बाहेर ३० अंश असताना फिल्टरच्या तोंडाशी ६० अंश असतील, तर तेवढ्याच जागेत साधारण ९ टक्के हवा कमी मावते. जुना डिझेल पंप मात्र हवेचा हिशेब ठेवत नाही. पायाने मागितले तेवढे डिझेल देतो. हवा कमी, डिझेल तेवढेच. जळायचे राहिलेले डिझेल धूर होऊन बाहेर पडते.

आता दुसरा हिशेब पाहा. समुद्रसपाटीपासून आठशे मीटर वर गेले की हवेचा दाबही साधारण ९ टक्क्यांनीच घटतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा मी थक्क झालो. बॉनेटखाली तीस अंश जादा साठले, की केरीच्या पायथ्याशी उभी असलेली जीपसुद्धा श्वासापुरती चोर्ल्याच्या माथ्यावर जाऊन पोचलेली असते. मग खरा घाट सुरू होतो, तो पहिल्याच्या डोक्यावर दुसरा. सह्याद्री काही आपल्याला कमी करता येत नाही. बॉनेटखालचा घाट मात्र करता येतो, आणि तोही घरच्या घरी.

मिस्त्रींनी काय केले? आधी काहीच केले नाही. बारीक वायर असलेला अंकी थर्मामीटर आणून त्याचे टोक फिल्टरच्या तोंडाशी बांधले आणि गाडी पिरनवाडीपर्यंत फिरवून आणली. "आधी मोजायचं, मग कापायचं," हा त्यांचा नियम. काही गाड्या पहिल्यापासूनच बाहेरची हवा घेतात. त्यांच्यावर खर्च करणे म्हणजे निरोग्याला औषध देणे. नव्या टर्बो डिझेलना तर हवा थंड करायला इंटरकूलर असतो. तिथे या कामाचा फायदा नाममात्र.

या जीपचा आकडा बाहेरच्यापेक्षा बराच वर गेला, तेव्हा काम सुरू झाले. मॅनिफोल्ड आणि फिल्टर यांच्यामध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा बसवला, दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडून. मग फिल्टरच्या तोंडाला जाड रबरी होज जोडून ती वरच्या अंगाने मडगार्डजवळ बाहेर काढली. होजचा व्यास मूळ तोंडापेक्षा कमी नको आणि वळणे कमीत कमी हवीत, नाहीतर थंड हवेसाठी इंजिनाचा गळाच आवळला जायचा. काहीजण नळकामाचा पीव्हीसी पाइप वापरतात. तो मॅनिफोल्डजवळ गेला की मऊ पडून बसतो. काहीजण बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वायसर घालून फट ठेवतात. गाडी रांगत असताना तिथून गरम हवा निघून जाते हे खरे, पण वेगात काचेच्या पायथ्याशी वारा दाबून आत शिरतो आणि पावसाचे पाणीही जाते. एक्झॉस्टला काचतंतूची पट्टी गुंडाळणारेही आहेत. तिच्यात तेल मुरले तर आगीला निमंत्रण, म्हणून आधी इंजिनाची गळती बंद करायची.

फिल्टर मात्र कोणी काढू नये. थंड हवेच्या नादात उघडा जाळीचा फिल्टर लावणारे हौशी लोक भेटतात. आपल्या खानापूर तालुक्यातली तांबडी माती किती बारीक असते, हे उन्हाळ्यात दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या घरच्या बायकांना विचारा. ती माती सिलिंडरमध्ये गेली की रिंगा झिजवते.

हे सारे पाहताना मला आपल्या उसाच्या शेतातला ट्रॅक्टर आठवला. त्याच्या बॉनेटवर एक उभी नळी असते आणि कित्येकांच्या माथ्यावर धूळ साठवणारे वाडगे. उंचावरची हवा थंड, धूळ कमी आणि चिखल दूर. ज्या गोष्टीसाठी हौशी जीपवाले महागड्या वस्तू मागवतात, ती आपल्या बांधावर कधीपासून उभी आहे.

उंचीचे महत्त्व खरे कळते ते पावसाळ्यात. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस कोसळतो. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. त्या रानातल्या गवाळी, आमगावसारख्या गावांच्या वाटा मातीच्या आणि ओढ्यानाल्यांच्या. तिथे जीप ही हौस नसते. दूध, रेशन, शाळेची मुले आणि एखाद्या रात्री तापाने फणफणलेले माणूस, सारे तिच्याच भरवशावर. अशाच एका जीपवाल्याने वारा चांगला लागतो म्हणून हवेची नळी खाली बंपरच्या मागे आणून ठेवली होती. उन्हाळाभर गाडी छान ओढली. जुलैत ओढ्यात उतरली, पाणी नुसते बंपरला लागले आणि इंजिन आचका देऊन बंद पडले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन पाण्यावर आदळला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. दुरुस्तीला त्याचा पावसाळा गेला आणि वाडीची गाडीही गेली. त्या दिवसांत दवाखान्याला न्यायचे माणूस चौघांच्या खांद्यावर गेले, असे तो सांगत होता.

म्हणून नळीचे तोंड नेहमी वर, आणि त्याच्या उंचीपेक्षा बरेच कमी पाणी असेल तरच गाडी घालायची. पाण्यात इंजिन बंद पडलेच, तर पुन्हा चावी मारायची नाही. गाडी ओढून बाहेर काढायची, फिल्टर उघडून पाहायचा आणि आत ओल दिसली तर मिस्त्रीला बोलवायचे. तो डिझेलचे इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवील आणि पाणी बाहेर काढील. काचेच्या कडेने छपरापर्यंत नळी न्यायची असेल, तर आधी आरटीओत विचारावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रूपात बदल करण्यावर बंधने घालते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक निकाल दिला आहे.

त्या ५४० मधून मी चोर्ल्याने केरीला उतरलो आणि चढून परत आलो. गाडीला पंख फुटले नव्हते. दुसरा गिअर घालावा लागलाच, पण एक-दोन वळणे उशिरा. मागच्या आरशात धूर पातळ होता, मोटारवाल्याने हॉर्न वाजवला नाही. मालक दर वळणाला थर्मामीटर बघत होता. फिल्टरच्या तोंडाशी आता बाहेरच्यापेक्षा थोडेच अधिक तापमान होते. खर्च झाला होता पत्र्याचा, होजचा, चार क्लिपांचा आणि मिस्त्रींच्या एका दिवसाच्या मजुरीचा.

माथ्यावर धुके होते. मालकाने गाडी कडेला घेतली आणि सवयीने बॉनेट उघडायला हात घातला. मिस्त्री मागच्या सीटवरून म्हणाले, "इरली बिडरी, राहू दे ओ. आज तिला धाप लागली नाही."