मागे उभा असलेला हाफिज

अब्बांच्या आवाजातल्या 24 फायली माझ्या लॅपटॉपवर होत्या. शेवटच्या दोन वर्षांत ते खाटेवर पडून सोलापूरच्या गिरणीतले दिवस सांगायचे, अर्धे दखनीत, अर्धे मराठीत. मी मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. आता अब्बा नाहीत, आवाज आहे.

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी मला लिनक्सवर 'आरसिंक' शिकवलं. 1996 पासूनचा हा फुकट प्रोग्राम. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची: कुठून आणि कुठे. तो फाईलचा आकार आणि बदलाची वेळ पाहतो, बदललं असेल तेवढंच नेतो. दर जुम्याला नमाजहून आलो की मी ती ओळ चालवायचो. तिच्यात 'डिलीट' हा पर्यायही घातला होता. मूळ जागी जे नाही, ते प्रतीतूनही काढून टाकायचं. दोन्हीकडे सारखं, टापटीप!

रमजानच्या आधी लॅपटॉपवर जागा करताना अब्बांचं फोल्डर चुकून उडवलं. टर्मिनलमधून 'आरएम'ने उडवलेलं ट्रॅशमध्ये जात नाही. मला पत्ताही लागला नाही. जुम्याला नेहमीची ओळ चालवली आणि आरसिंकने इमानदारीने हार्डडिस्कवरूनही ते काढलं.

कळलं तेव्हा तरावीह सुरू झाली होती. इमामामागे सामेअ उभा असतो, तोही हाफिजच. इमाम अडखळला की तो लुकमा देतो. त्या रात्री सफमध्ये उभं असताना लक्षात आलं, की माझी प्रत म्हणजे इमामाबरोबर तीच चूक करणारा सामेअ होती. असा सामेअ काय कामाचा?

काही फायली मी कधीतरी आपाला पाठवल्या होत्या. तिच्या मोबाईलवर 11 मिळाल्या. 13 गेल्या.

आता 'डिलीट' काढून टाकलं आहे. दर जुम्याला तारखेच्या नावाचं नवं फोल्डर होतं. 'लिंक-डेस्ट' लावल्यामुळे न बदललेल्या फायली पुन्हा जागा खात नाहीत. ओळीत काही बदल केला, तर आधी 'ड्राय-रन' लावून पाहतो. काय होणार ते नुसतं दिसतं, होत काही नाही. दुसरी हार्डडिस्क आपाच्या घरी असते. महिन्यातून एकदा एखादी फाईल उघडून ऐकतो. न ऐकलेल्या प्रतीचा भरवसा काय धरायचा?

परवा मुलीने विचारलं, "दादाअब्बांची ती भोंग्याची गोष्ट कुठे आहे?" ती गेलेल्या 13 मधली. मला निम्मीच आठवते. तेवढी वहीत लिहून काढली. बाकीची आपाला विचारणार आहे.