शून्याला आवाज नसतो

रात्री घर निजलं की पुस्तकांच्या कपाटाखालचा जुना संगणक ऐकू यायचा. डिस्कचे मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. त्या गतीला स्वतःचा खर्ज असतो. तो अखंड खर्ज पंख्याच्या झुळकीत मिसळायचा, भिंतीतून झिरपायचा, आणि वर्षानुवर्षं त्याच्या सोबतीनं झोपल्यावर घराच्याच श्वासात जमा झाला होता. बाबांचे स्कॅन केलेले फोटो, कॅसेटवरून उतरवलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लेकीचे बोबडे बोल, सगळं त्या फिरण्यावर विसावलेलं. मग एका पावसाळी पहाटे खरखर सुरू झाली. थांबे, आणि पुन्हा तीच जागा चाचपडे.

डिस्क आजारी होती.

चकतीवरून वाचणारं टोक काही नॅनोमीटरवर तरंगत असतं; धुराचा कणही त्या फटीत मावत नाही. एवढ्याशा पोकळीवर आपली माणसं ठेवलेली असतात.

डिस्क बाहेर काढली आणि डीडीरेस्क्यूच्या हवाली केली. मला ही आज्ञावली फार समंजस वाटते. पुराच्या पाण्यातून सामान काढणाऱ्या जाणत्या माणसासारखी ती आधी हाताला लागेल ते सुखरूप काढते, दुखऱ्या जागेशी झटत बसत नाही, तिथं नुसती नोंद करून पुढे सरकते, आणि निरोगी ते सारं नव्या डिस्कवर पोचलं की मग सावकाश त्या खुणांकडे वळते, कधी उलट्या दिशेनं, एकेक सेक्टर खरवडत. एका सेक्टरात ५१२ बाइट. देवनागरीतल्या दर चिन्हाला तीन लागतात. म्हणजे एक सेक्टर गेला की पत्रातल्या दोनेक ओळी गेल्या.

फोल्डरांची यादीच जिथं नासली होती तिथं फोटोरेक या दुसऱ्या आज्ञावलीनं नुसत्या खुणांवरून चित्रं ओळखून काढली. चित्रं आली, नावं आली नाहीत. प्रत्येकाच्या कपाळी एक ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा. आईला शेजारी बसवलं. ‘‘अरे, ही माझी धाकटी जाऊ. आणि हा घाट नाशिकचा नव्हे, वाईचा.’’ ती बोलत गेली, लिहीत गेली, मध्येच एखाद्या चेहऱ्यापाशी बराच वेळ थांबली.

आजीच्या एका ओवीत मात्र खळगा पडलाय. शेजारशेजारचे शेकडो सेक्टर वाचताच आले नाहीत, त्यांच्या जागी शून्यं आली. आणि शून्याला आवाज नसतो. जात्याची घरघरही तिथं थांबते. आईनं ऐकलं, आणि त्या खळग्यात ती स्वतः गायली, नकळत, आजीच्याच पट्टीत.

ते ध्वनिमुद्रण मी दुरुस्त केलेलं नाही.

आता दोन डिस्क एकमेकींचं प्रतिबिंब धरून फिरतात. पण एकीवरचं चुकून पुसलं की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं, म्हणून तिसरी प्रत नागपूरला बहिणीकडे आहे. नावांची वही आईकडे. तिची अजून बरीच पानं कोरी आहेत.