तीनशे शब्दांचा निबंध

२०२४ सालच्या मे महिन्यात पुण्यात जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेल. १९ मे रोजी मध्यरात्रीनंतर कल्याणीनगर भागात एका भरधाव पोर्शे मोटारीने मोटारसायकलला धडक दिली आणि तिच्यावरून जाणारे एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, प्राणास मुकले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या त्यांत एक अट अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. पुढे लोकक्षोभ उसळला, आदेश फिरला, मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली.

आम्ही तेव्हा विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. जन्मभर निबंध तपासणारी माणसे आम्ही. निबंधाचा असा उपयोग होताना पाहून संताप आला आणि हसूही. ‘दहापैकी किती द्याल?’ असे कुणीतरी विचारले. मीही हसलो. पण त्या दुपारी माझ्या हातून पुढचा गठ्ठा तपासून झाला नाही. तशाच एका निबंधाचे देणे माझ्याकडे एकोणतीस वर्षे थकलेले होते.

ते सांगण्यापूर्वी माझ्या मुलाविषयी सांगितले पाहिजे. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच जूनमध्ये शेजाऱ्यांची स्कूटर त्याने कॉलनीतून फिरवून आणली. कुणाला इजा झाली नाही. पण मी त्याच्यावर असा काही ओरडलो की घरातली सगळीच माणसे चकित झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेली दुरुस्ती मी त्याला तोंडपाठ म्हणून दाखवली. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजारांचा दंड, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. त्याने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, ‘‘मग बाबा, मी शिकायचं कुठं?’’

प्रश्न रास्त होता. कोल्हापुरात तर तो अधिकच रास्त. उद्यमनगरच्या गल्ल्यांतून इंजिने उघडून बसलेली पोरे पाहतच येथली मुले वाढतात. तालमीच्या या गावाने एक गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती, की अंगात रग असलेल्या पोराला ‘भांडू नकोस’ एवढेच सांगून भागत नाही. त्याला लाल मातीत उतरवावे लागते, वस्तादाच्या हाती द्यावे लागते. तीच झटापट रस्त्यावर मारामारी ठरते आणि आखाड्यात कुस्ती. एका सहकाऱ्याने गो-कार्टिंगच्या ट्रॅकचे नाव सुचवले, आणि एका रविवारी सकाळी मी मुलाला घेऊन तेथे गेलो.

कार्ट हे वाहन मी प्रथमच जवळून पाहत होतो. जमिनीपासून चार बोटे उंच सांगाडा, त्यावर एक आसन, बाजूला छोटे इंजिन. गिअर नाहीत. उजव्या पायाखाली वेग, डाव्या पायाखाली ब्रेक. शर्यतीच्या कार्टला आसनपट्टाही नसतो. ती उलटली तर माणूस तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, असा त्यामागचा विचार. येथे आर.टी.ओ.चे लायसन्स कुणी मागत नाही. स्पर्धेत उतरायचे तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचे निराळे लायसन्स लागते, आणि ते मुलांनाही मिळते.

शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, हातांना ग्रीस लागलेले. मुलाला वाटले होते, गेल्या गेल्या बसायला मिळेल. त्यांनी त्याला आधी तासभर ट्रॅकवर पायी फिरवले. मग निशाणे पाठ करून घेतली. पिवळे दिसले की पुढे धोका आहे, कुणालाही मागे टाकायचे नाही. निळे दिसले की मागून तुझ्याहून वेगवान कुणी येतो आहे, त्याला वाट दे. लाल म्हणजे सगळ्यांनी थांबायचे. ‘‘ज्याला निळं निशाण कळलं नाही त्याला वेग कळला नाही,’’ ते म्हणाले. मला हे वाक्य फार आवडले. आपल्याहून पुढे जाणाऱ्याला वाट देणे ही गोष्ट आमच्या क्षेत्रातही शिकवली जात नाही.

मग वळणाचा धडा. ब्रेक वळणात दाबायचा नाही. वळण येण्यापूर्वी, गाडी सरळ असतानाच दाबायचा. वळणात बाहेरच्या कडेने शिरायचे, मधोमध आतल्या कडेला स्पर्श करायचा आणि पुन्हा बाहेर निघायचे, म्हणजे वाटेचा बाक कमी होतो. कार्टची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असतात, त्यामुळे ती सरळच धावू पाहते. वळताना आतले मागचे चाक क्षणभर उचलले गेले तरच ती वळते. या सगळ्याच्या वर एक नियम: ‘‘पोरा, नजर जाईल तिकडं गाडी जाते. भिंतीकडं बघशील तर भिंतीत जाशील. वळणातनं बाहेर कुठं पडायचंय, तिकडं बघ.’’

पहिल्या दिवशी मुलाने तीनदा गाडी गरकन फिरवली आणि एकदा टायरांच्या रचलेल्या कठड्यात घातली. प्रत्येक वेळी त्याला थांबवून विचारले गेले, ‘काय चुकलं?’ चौथ्या वेळी त्याने स्वतःच सांगितले, ‘ब्रेक उशिरा दाबला.’ कठड्याशेजारी उभा राहून मी ऐकत होतो. चूक झाली, ती कुणाची हे सर्वांनी पाहिले, आणि ज्याची होती त्याने ती आपल्या तोंडाने सांगितली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मुलाला ते धुळीमुळे वाटले.

परतताना तो फॉर्म्युला वनच्या गोष्टी सांगत होता. मॅक्स व्हर्स्टॅपेन २०१५ साली पहिल्या शर्यतीत उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. जगातली सर्वांत वेगवान गाडी चालवत होता आणि रस्त्यावर चालवायचे लायसन्स त्याला अठराव्या वाढदिवशी मिळाले. पुढे नियमच बदलला, अठरा वर्षे वय आणि रस्त्याचे लायसन्स हवेच असे ठरले. ‘‘तुम्ही कधी शिकलात गाडी?’’ त्याने सहज विचारले.

मी गाडी कडेला घेतली आणि त्याला सांगितले. १९९५ साली, सोळाव्या वर्षी, थोरल्या चुलत्यांची जीप मी उसाच्या फडाकडून गावाकडे आणत होतो. मला कुणी शिकवले नव्हते. पाहून पाहून येत होते, आणि घरात त्याचे कौतुक होते. ओढ्याजवळच्या वळणावर मी ब्रेक उशिरा दाबला. समोरून सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून एक गृहस्थ येत होते. त्यांचा पाय मोडला. आबांनी दवाखान्याचे पैसे दिले, वर काही रक्कम दिली आणि गाडी आपणच चालवत होतो असे सांगितले. मला दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला वसतिगृहात धाडण्यात आले. त्या गृहस्थांचा पाय पुढे वाकला नाही. त्यांचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शाळा सोडून त्याने किटल्या घेतल्या. मी एम. ए. झालो.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘त्यांना तुम्ही भेटला नाहीत?’’

दिवाळीत गावी गेलो. ते गृहस्थ वारून पुष्कळ वर्षे झाली होती. त्यांचा मुलगा गोठ्यात भेटला. त्याने चहा मागवला. मी चाचरत सगळे सांगितले. त्याने वैरण टाकता टाकता ऐकले आणि म्हणाला, ‘‘ठावं हाय की आमास्नी. सगळ्या गावाला ठावं हाय. तुमी सांगायचं तेवढं ऱ्हायलं हुतं.’’

त्याने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही. तसा शब्द त्याने उच्चारला नाही, आणि मागण्याचे धैर्य मला झाले नाही. माझा मुलगा अजून रविवारी ट्रॅकवर जातो. अठरा पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर गाडी चालवणार नाही असे त्याने आपण होऊन सांगितले आहे. आणि तीनशे शब्दांच्या त्या निबंधाला मी आता हसत नाही. तो शिक्षा म्हणून अपुराच होता, यात शंका नाही. पण माझ्याकडून तेवढाही कुणी मागितला नव्हता.