बोली लागल्यानंतरचा नियम

खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर गुण मोजणाऱ्या फँटसी बेसबॉलमध्ये नियमांवरचा वाद नेमका लिलाव चालू असतानाच पेटतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सगळे संघमालक त्या दिवशी एकत्र असतात, प्रत्येकाच्या पुढ्यात खेळाडूंची यादी असते आणि पैसे मोजायची वेळ आली की नियमातली फट चटकन दिसते. म्हणून वाद होऊ द्यावा, सूचना लिहूनही घ्यावी. मात्र पहिली बोली लागल्यानंतर गुणांचा नियम त्या हंगामापुरता तरी बदलू नये, यावर मी ठाम आहे.

१९८० मध्ये न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी रोटिसरी लीग सुरू केली. तिच्यातून रुळलेला हिशेब असा: प्रत्येक संघाला २६० डॉलर, २३ खेळाडू, आणि फलंदाजांच्या रकान्यांत बॅटिंग सरासरी. आता २०२३ चे आकडे समोर ठेवून मांडलेला लिलाव पाहा. लुईस अराएझची सरासरी ०.३५४, हुआन सोटोची ०.२७५. पण सोटोने १३२ वॉक (चार बॉल पडून मिळणारा बेस) मिळवले, त्यामुळे ऑन-बेस टक्केवारीत, म्हणजे बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात, तो ०.४१० वर आणि अराएझ ०.३९३ वर. लिलाव निम्म्यावर आला असताना कोणी म्हणालं, ‘सरासरी काढून ऑन-बेस घेऊ’, तर खेळाच्या दृष्टीने तो माप सुधारायचाच प्रस्ताव आहे; मलाही ऑन-बेसच जास्त पटतं. पण ज्याने सरासरीसाठी अराएझवर चढी बोली लावली, त्याचे डॉलर तिथल्या तिथे पाण्यात जातात. सोटोवाल्याला आयता लाभ होतो. आणि ज्याने पैसे राखून ठेवलेत, तो पुढची प्रत्येक बोली नव्या मापाने लावतो. अशा वेळी मत मागितलं की जो तो आपला संघ बघूनच हात वर करणार. लिलावाआधी हाती काय लागेल हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून तेव्हाचं मत अधिक निर्मळ असतं.

सगळेच राजी असतील तर, असं विचारलं जातं. नऊ-दहा जण होकार देऊन बसले असताना एकट्याने लिलाव अडवून धरणं अवघड असतं. त्या होकारावर मी फार भिस्त ठेवणार नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: खुद्द मेजर लीगने २०२० मध्ये पहिल्या सामन्याच्या काही तास आधी प्लेऑफचे संघ १० वरून १६ केले. खरं आहे, पण ती महामारीची निकड होती आणि मालक व खेळाडूंची संघटना दोघांची त्याला संमती होती. एरवीची रीत २०२३ च्या मोठ्या बेसमध्ये दिसते. तो बदल सप्टेंबर २०२२ मध्येच जाहीर झाला. बेसचोऱ्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या, तरी चपळ खेळाडूंचे भाव ठरवायला सगळ्यांना सारखाच वेळ मिळाला होता.

नियमच गप्प असेल तेव्हा मात्र निर्णय टाळता येत नाही. शोहेई ओहतानी फलंदाज आणि पिचर मिळून एक खेळाडू की दोन? त्याचं नाव पुकारलं गेलं असेल तर बोली थांबवावी आणि पहिला डॉलर लागण्याआधी उत्तर ठरवून लिहून ठेवावं. तो विकला गेल्यावर प्रश्न निघाला, तर घेणाऱ्याला खेळाडू परत करायची मुभा देऊन बोली नव्याने लावावी. आणि जिथे खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात, तिथे लिहून घेतलेली सूचना एका वर्षाने नव्हे, दोन वर्षांनी लागू करावी. कारण राखलेल्या खेळाडूची किंमतही जुन्याच नियमावर मोजलेली असते.