दिवा विझला तर कुणाला कळतं?

उचगावात हायवेच्या कडेला वर्षातले अकरा महिने एक तरी फ्लेक्स झळकत असतो. मधोमध गॉगल लावलेले साहेब, भोवती पासपोर्ट साईझचे पन्नास चेहरे आणि वर ठसठशीत अक्षरांत, ‘आमचे दीपस्तंभ!’ गंमत म्हणजे आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याला इंचभरही समुद्र नाही. पंचगंगेला पूर आला की तेवढाच काय तो आमचा समुद्र. म्हणजे फ्लेक्स छापणारा, फोटोतले साहेब आणि समोरून बाईक दामटणारे आम्ही, यांतल्या बहुतेकांनी खरा दीपस्तंभ जवळून पाहिलेलाच नसणार.

एका शनिवारी ठरवलं, बघूनच येऊ. आंबा घाटातून रत्नागिरी जेमतेम दीडशे किलोमीटर. ऑफिसातली गँग ऐनवेळी कटली (डेडलाईन, सासुरवाडी, पोट बिघडलंय, कारणं नेहमीचीच). मग बाबांनाच म्हटलं, ‘‘चला की!’’ बाबांनी तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. मागच्या वर्षी भट्टीला ऑटोमॅटिक पॅनल बसलं, चार माणसांचं काम एका स्क्रीनवर आलं आणि बाबा मुदतीआधीच घरी आले. तेव्हापासून रात्री दोनला उठून बसतात. टीव्ही नाही, पेपर नाही, नुसते बसतात. आणि मी? असल्याच पॅनल्सचं सॉफ्टवेअर लिहिणारा. त्यामुळे या विषयावर घरात दोघांचीही अळीमिळी गुपचिळी.

रत्नदुर्ग, म्हणजेच भगवती किल्ला, घोड्याच्या नालासारखा आहे. तीन बाजूंनी समुद्र, एका अंगाला भगवतीचं देऊळ आणि दुसऱ्या टोकाला दीपगृह. हे दीपगृह १८६७ सालचं. त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर एकामागून एक दिवे लागत गेले. गोव्यात आग्वादला १८६४, खांदेरी बेटावर १८६७, मुंबईच्या टोकाशी प्राँग्जला १८७५. एवढी घाई कशाला? तर अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते ६५) इंग्लंडला तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मग १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. शिडाची गलबतं वाऱ्यावर अवलंबून होती. आगबोट मात्र वेळापत्रकावर धावणार, म्हणजे रात्रीही धावणार. आणि कोकणचा किनारा तर जागोजागी खडकांचा. पुढे देवगडला १९१५ मध्ये आणि जयगडला १९३२ मध्ये दिवा आला. मुंबईहून बोटीने गावी जाणारे चाकरमानी अंधारात याच दिव्यांच्या भरवशावर ट्रंकेला टेकून झोपायचे.

वर चढता चढता एक साक्षात्कार झाला. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय वेगळी असते. किती सेकंदांनी, किती वेळा, हे सगळं ठरलेलं. खलाशी सेकंद मोजतो आणि ओळखतो, हे अमुक बंदर, तो तमुक खडक. म्हणजे दिवा ‘माझ्या मागे या’ म्हणतच नाही! तो सांगतो, ‘मी इथे आहे, माझ्या पायाशी खडक आहेत, तू तुझ्या वाटेने जा.’ फ्लेक्सवाल्यांनी हे एकदा मनावर घ्यायला हरकत नाही.

वरच्या दिव्याची खरी जादू असते भिंगात. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहात फ्रेनेल नावाच्या इंजिनिअरने काचेच्या कड्यांचं भिंग पहिल्यांदा बसवलं. चहूकडे विखुरणारा उजेड ते गोळा करतं आणि क्षितिजाकडे सोडतं. जुन्या दीपगृहांत हे अवजड भिंग पाऱ्यावर तरंगत फिरायचं. फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला साखळीला टांगलेलं वजन आणि ते वजन दर काही तासांनी हाताने वर ओढायला माणूस. दिवसा पडदे ओढून घ्यायचे, नाहीतर तेच भिंग सूर्याचे किरण गोळा करून आग लावायचं. आता वीज आहे, मोटर आहे, सगळं आपोआप.

‘आपोआप’ म्हटल्यावर बाबांनी कान टवकारले. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, ‘‘मग रात्री तुम्ही काय करता साहेब?’’

‘‘लक्ष ठेवतो.’’

‘‘आणि दिवा विझला तर पहिल्यांदा कुणाला कळतं?’’

तो हसला. ‘‘आम्हालाच कळायला पाहिजे. पण आम्ही चुकलोच, तर मच्छीमारांचा फोन आलाच म्हणून समजा.’’

जीपीएस आल्यावर दीपगृहांची गरज काय, असं मला वाटायचं. उत्तर सोपं आहे. मोठ्या जहाजावर सगळी यंत्रं असतात, पण यंत्र बंद पडतं, सिग्नल चुकतो आणि छोट्या होडीत तर कधी कधी मोबाईलपलीकडे काहीच नसतं. बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांकडून दिव्यांसाठी शुल्क घेतात, उजेड मात्र होडीवाल्यालाही तेवढाच मिळतो. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी सजवून खुली झाली. सेल्फीवाले वाढले, तरी मूळ काम तेच.

तुम्ही गेलात तर संध्याकाळी जा, पण आत सोडण्याची वेळ आधी विचारून घ्या. आणि सूर्यास्ताचा फोटो काढून लगेच पळू नका. अंधार पडू द्या, पहिला झोत फिरू द्या, मनातल्या मनात सेकंद मोजा.

परतताना साखरप्याच्या पुढे बाबा आपणहून बोलायला लागले. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडाचा रंग कसा ओळखायचा, वर मळी साचली की रंग बघणारं यंत्र कसं फसतं, मळी बाजूला सारून रस बघायचा म्हणजे नेमकं काय करायचं. वर्षभर घरात न निघालेला विषय आंबा घाट संपेपर्यंत चालला. मी एका धाब्यावर गाडी थांबवली आणि सगळं मोबाईलवर टिपून घेतलं.

सोमवारी नव्या पॅनलच्या मीटिंगमध्ये मी पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘हे चुकलं तर पहिल्यांदा कुणाला कळणार?’’ टेबलाभोवती सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या मीटिंगला बाबांना घेऊन ये, असं बॉस म्हणालाय. बाबांनी शर्ट आत्ताच इस्त्रीला टाकलाय.