आयत्या बिळावर नागोबा?

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये, आणि मराठी होतं तेही ‘लोअर’. त्यामुळे या लेखात ‘किंकर्तव्यविमूढ’ छापाचे शब्द सापडणार नाहीत. पण आमच्या विंगमध्ये वर्षभर ज्यावरून वाद चालला, तो विषय तुम्हा सगळ्या सबमिशनवाल्यांच्या अगदी जवळचा आहे, म्हणून हे लिहायचं धाडस!

वाद होता नकाशांवरून. भूगोलातले नव्हे, खेळातले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायची. त्याला डीएम म्हणतात. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. आमच्या ग्रुपची डीएम मी. शनिवारी रात्री मेस आटोपली की कॉमन रूममध्ये आमची मैफल बसते.

गोष्टीत मारामारी सुरू झाली की नकाशा लागतो. त्यावर चौकोन आखलेले असतात. कागदावर एक इंचाचा चौकोन म्हणजे गोष्टीत पाच फूट. आता अडचण अशी, की मला चित्र काढता येत नाही. म्हणजे अजिबात नाही. मी काढलेला घोडा बघून मेसच्या मावशी म्हणाल्या होत्या, “शेळी छान आलीये गं!”

माझ्यासारख्यांसाठी असेट पॅक असतात. कुणी चित्रकार शेकडो सुटी चित्रं काढून ठेवतो. पिंपं, बाकडी, पायऱ्या, झाडं, भिंतींचे तुकडे. सगळी वरून बघितल्यासारखी, आपल्या ईडीच्या भाषेत टॉप व्ह्यू. चित्राची मागची बाजू पारदर्शक, त्यामुळे ते गवतावर ठेवा नाहीतर फरशीवर, चालतं. रांगोळीचे छापे असतात ना, तसंच समजा.

माझी रूममेट मात्र हाताने चित्रं काढणारी. माझा पहिला नकाशा बघून ती एकच वाक्य बोलली, “आयत्या बिळावर नागोबा!” आणि वर, “ही तर जीटीच झाली की.”

जीटी म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. काचेखाली दिवा, काचेवर दुसऱ्याची शीट, त्यावर आपली कोरी शीट. (सरांनी हा परिच्छेद सोडून पुढे वाचावं, ही नम्र विनंती.)

तिच्या बोलण्याला धार होती, कारण तिला लागलेलं होतं. गेल्या वर्षी फेस्टसाठी तिने तीन रात्री जागून पोस्टर काढलं. ते दुसऱ्याच कुणीतरी उचललं, सहीचा कोपरा कापला आणि स्वतःच्या कार्यक्रमाला वापरलं. तिने कळवलं, तर साधं उत्तरही आलं नाही. तेव्हापासून ‘आयतं’ हा शब्द आमच्या खोलीत शिवीसारखा झाला होता. त्यामुळे तिचा टोमणा हसण्यावारी नेणं मला जमेना. मी बनवते ते खरंच माझं आहे का?

मग मी नकाशा करताना नेमकं काय करते, ते बघायला लागले.

पहिली गोष्ट, माप. पॅकमधलं चित्र एका चौकोनाला किती पिक्सेल धरून काढलंय ते आधी बघावं लागतं. चौकोनाला १४० पिक्सेल धरले, तर ३० बाय २० चौकोनांचा नकाशा होतो ४२०० बाय २८०० पिक्सेलचा. वेगवेगळ्या पॅकांची मापं जुळवली नाहीत, तर खुर्ची दारापेक्षा मोठी होते. दुसरी गोष्ट, सावली. काही चित्रांत सावली आधीच काढलेली असते. असं पिंप फिरवलं की त्याच्याबरोबर सूर्यही फिरतो! एकाच अंगणात तीन पिंपांच्या सावल्या तीन दिशांना गेल्या, की बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

पण खरी गंमत पुढे आहे. या खेळात माणूस साधारणपणे एका खेपेला तीस फूट, म्हणजे सहा चौकोन चालतो. बुटक्या भिंतीच्या आडोशाला उभा राहिला, तर त्याच्या बचावात दोन गुण वाढतात. जवळजवळ पूर्ण झाकला गेला, तर पाच. म्हणजे मी भिंतीचा तुकडा ठेवते, तेव्हा शोभेची वस्तू ठेवत नाही. कुणाचा तरी जीव वाचेल अशी जागा ठेवते. पाच फुटांचं एकच दार ठेवलं, तर एक दणकट गडी दारात उभा राहून अख्खी टोळी अडवणार आणि मागचे जांभया देणार. दुसरं दार दिलं, की सगळे सावध! चित्रं पॅकने दिली, पण दार कुठे आणि मोकळी जागा किती, हे पॅक सांगत नाही. जीटीत दुसऱ्याची रेघही येते आणि डोकंही. इथे रेघ दुसऱ्याची, डोकं आपलं.

आणि गंमत म्हणजे हा खेळच आयत्या सामानावर वाढलाय. १९७४ च्या नियमांत लागणाऱ्या साहित्याच्या यादीत चक्क दुसराच एक खेळ आहे. १९७२ साली निघालेला ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’. कशाला? तर त्याचा बोर्ड रानावनाचा नकाशा म्हणून वापरायला! गायगॅक्सने प्लॅस्टिकची स्वस्त खेळणी आणली, त्यातल्या ओळखू न येणाऱ्या प्राण्यांना नावं दिली आणि त्यातून लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ जन्माला आला. खेळणं आयतं, गंज त्याचा.

आमची खरी परीक्षा झाली दिवाळीनंतर. नवी गोष्ट घडणार होती दख्खनच्या एका गढीत. पॅक उघडले, तर युरोपातल्या खाणावळी, शेकोट्या, पाइनची झाडं. तुळशीवृंदावन नाही, जातं नाही, चौक नाही. मग दगडी चौथऱ्यावर छोटं झुडूप ठेवून वृंदावन केलं. पाणचक्कीच्या पॅकमधली दगडी तळी लहान केली, ते जातं. आणि दरवाजा केला गोमुखी. शिवकालीन किल्ल्यांत महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये वळणात दडलेला असतो; लांबून दिसत नाही, आणि हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळत नाही. आमच्या ग्रुपने त्या वळणात दीड तास काढला! भिंतीचे तुकडे परदेशी होते, पण वळण आपलं होतं. रूममेट त्या रात्री पहिल्यांदा शेवटपर्यंत बघत बसली.

तरी तिचं अर्धं म्हणणं मला मान्यच करावं लागलं. तेव्हाच हॉस्टेलमध्ये एक पेन ड्राइव्ह फिरत होता. आत विकतचा मोठा पॅक, फुकटात कॉपी केलेला. “कुणाला कळणारे?” हा नेहमीचा युक्तिवाद. कुणालाच कळलं नसतं, हे खरं. पण तिच्या पोस्टरचा कोपरा कापणाराही हेच म्हणाला असेल ना? आम्ही तो पेन ड्राइव्ह तसाच परत दिला. गरजही नव्हती. ‘केनी’ या नावाने निघणारे पॅक सीसी-झिरो परवान्याखाली असतात, म्हणजे नाव न देताही वापरा. सीसी-बाय असेल, तर चित्रकाराचं नाव द्यावंच लागतं. काही परवान्यांत विक्रीला मनाई असते. दोन मिनिटं वाचायचं, बस्स.

आता आमच्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात ईडीच्या शीटसारखा टायटल ब्लॉक असतो. चित्रं कुणाची, रचना कुणाची, परवाना कोणता. सीसी-झिरोवाल्यांचंही नाव लिहितो. कायदा मागत नाही, पण रूममेट मागते!

आणि हो, गेल्या महिन्यात तिने स्वतःच एक पॅक काढला. तेवीस चित्रं. जातं, उखळ, वृंदावन, रहाट, दिंडी दरवाजा, शेवटी एक घोडा (शेळीसारखा न दिसणारा). हॉस्टेलमध्ये कुणालाही हवा असेल, तर पेन ड्राइव्ह घेऊन आमच्या खोलीवर या. पैसे नकोत. अट एकच आहे. कोपरा कापायचा नाही.